चिटणिसांच्या गोठीतला कानोसा

१. कोरं यंत्र

कृष्णरावांचा आवाज नाहीसा झाला होता.

सुधाताईंनी रेकॉर्डर पुन्हा एकदा कानाशी धरला. तळहातावर मावेल एवढं ते यंत्र. गेल्या पावसाळ्यापासून कृष्णराव त्यात बोलत आले होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरांत बोलली जायची ती मराठी, जात्यावरच्या ओव्या, ठेवणीतल्या शिव्या, भाजीवाल्याशी हिंदीत घातलेली हुज्जत. आता त्यात काहीच उरलं नव्हतं.

समोर सतरंजीवर कानटोप्या घातलेली मुलं बसली होती. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट, की फाटकाजवळचा लिंबसुद्धा दिसत नव्हता. आज कानोसा मंडळाचा रविवार. सुधाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी आणि कृष्णरावांनी मिळून हे मंडळ काढलं. रविवारी गावात हिंडायचं आणि रोजचे आवाज, रोजचं बोलणं टिपून ठेवायचं. महाराज बाड्यावरचे फेरीवाले, सराफ्यातली हातोडी, हजीऱ्याच्या बाजारातली बोली. आवाज टिपला की त्याला चिठ्ठी जोडायची: कसला आवाज, कुठला, कधीचा.

मुलांचा जीव कृष्णरावांवर. त्यांच्या तोंडात दात एकही नव्हता, आणि कवळीचा कंटाळा. त्या बोळक्या तोंडातून ते जिभेनं टांग्याच्या घोड्याची टाप काढायचे. दुडकी चाल, मग भरधाव, मग चढावरची दमलेली. मंडळात ती फक्त बारा वर्षांच्या श्रुतीला जमली होती.

पौष पौर्णिमेला कृष्णरावांचा पुतण्या राघव त्यांना प्रयागच्या स्नानाला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. थंडीनं छातीत कळ आली म्हणाला. तिथंच अग्नी दिला, तिथंच अस्थी सोडल्या. रेकॉर्डर काकांच्या खिशात होता, तो त्यानं काल संध्याकाळी सौरवच्या हाती परत पाठवला.

"कुठंतरी बटण दाबलं गेलं असेल, असं राघवदादा म्हणाले," सौरव म्हणाला. तो कॉलेजात शिकत होता आणि मंडळाची यंत्रं सांभाळायचा. "पण ताई, ऐसे नहीं मिटता. दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. फिर मशीन पूछती है, पक्का मिटाना है? तेव्हा परत दाबायचं. ये जानबूझकर किया है किसी ने."

"कल रात तो तुम्हारे ही पास था, भैया," विहंग म्हणाला. तो श्रुतीच्याच वर्गात होता. "आणि आजोबांशी तुझं भांडण झालं होतं. तुला त्यांचा आवाज इंटरनेटवर टाकायचा होता, ते नको म्हणत होते."

सौरवचा चेहरा उतरला. "हो, भांडलो होतो. म्हणून काय पुसून टाकीन?"

"विहंग," सुधाताई शांतपणे म्हणाल्या, "मंडळाचा नियम काय?"

"आधी काय ऐकलं ते सांगायचं. काय वाटलं ते नंतर."

"मग तू आत्ता काय सांगितलंस?"

विहंगनं मान खाली घातली. श्रुती मात्र त्या कोऱ्या यंत्राकडेच बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या आवाजाची कुणाला भीती वाटते?"

२. खुर्ची

दुपारी सुधाताई श्रुती आणि विहंगला घेऊन चिटणिसांच्या गोठीत गेल्या. त्या गल्लीत कृष्णरावांचं दुमजली घर होतं. पुढची मोठी खोली मंडळाला द्यायची, तिथं मुलांनी गावाचे आवाज ऐकायला यावं, असं त्यांनी दसऱ्याला सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. तेव्हा राघव टाळ्या वाजवत होता. आता घर त्याच्याकडेच जाणार होतं. दुसरा वारस नव्हता.

राघवनं डोकं भादरलं होतं. भेटायला आलेल्या चारदोन माणसांत, समोर गूळ-तिळाची गजक करून विकणाऱ्या बळवंतरावांच्या शेजारी, तो भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको वनमाला दारात आली. सुधाताईंनी तिच्या हाती पिठलं-भाताचा डबा दिला.

"आणखी काही लागलं तर सांग."

"तुम्ही सगळे आणताय, ताई. चूल पेटवायची वेळच येत नाही," वनमाला म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले नव्हते. जागून खोल गेलेले होते. "चहा विचारत नाही. सुतक आहे."

"अगं, मला का माहीत नाही?"

ओसरीत कृष्णरावांची वेताची खुर्ची रिकामी होती. मंडळाची एक पद्धत होती. कुणी गाव सोडून गेलं किंवा वारलं की त्याच्या घराचा दिवसभराचा आवाज टिपून ठेवायचा. दाराची कडी, नळ, जिना. सुधाताईंनी राघवला विचारलं, "आजचा दिवस ठेवू का यंत्र? मुलांची इच्छा आहे."

राघवनं यंत्राकडे पाहिलं, मग बसलेल्या माणसांकडे.

"ठेवू दे रे," बळवंतराव म्हणाले. "काकांना बरं वाटेल. तुला काय, यंत्र जेवायला मागणार आहे?"

भेटायला आलेले हसले. राघवला नाही म्हणता येईना. "ठेवा. पण खुर्चीवरच. घरात फिरवायचं नाही."

श्रुतीनं रेकॉर्डर खुर्चीवर ठेवला आणि वनमालाला म्हणाली, "काकू, हा लाल दिवा आहे ना, तो लागलेला असला की हे ऐकत असतं."

"सगळं?"

"सगळं."

वनमालानं दिव्याकडे पाहिलं. मग आत निघून गेली.

निघताना राघव फाटकापर्यंत आला. "ताई, मुलांना फार फिरवू नका. धुक्याचे दिवस आहेत. सामने कौन है, ट्रकवाल्याला दिसत नाही." तो हे अगदी काळजीनं बोलला. विहंगनं सुधाताईंचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सौरवनं यंत्र आणलं. खुर्चीवरच होतं, जसं ठेवलं तसं. फक्त त्याच्या पाठीवर तेलाचा एक थेंब होता. पिवळा. हळदीचा.

३. तीन आवाज

"आता कुणी बोलायचं नाही," सुधाताई म्हणाल्या.

रेकॉर्डरमधून ओसरी ऐकू यायला लागली. चपला, कुजबुज, कुणाचा तरी उसासा. मग भेटायला आलेली माणसं गेली आणि बराच वेळ नुसती शांतता. एकाएकी जवळ बांगड्या किणकिणल्या. कापड घासल्याचा आवाज. पावलं. आणि दगडावर काहीतरी ठेवल्याचा टक.

"कुणीतरी मशीन उचललं," विहंग म्हणाला.

"काय ऐकलं?"

"बांगड्या. म्हणजे काकूंनी. दगड, म्हणजे... ओटा?"

"चांगलं. पुढं."

पुढं आला तो आवाज मराठी घरातलं पोर झोपेतही ओळखेल. तडतड, तडतड, आणि मग चर्र करून काहीतरी पातेल्यात पडलं.

"फोडणी," श्रुती म्हणाली आणि थांबली. "पण ताई, आमची आजी गेली तेव्हा आईनं तेराव्यापर्यंत फोडणी दिली नव्हती. वरण पण साधंच."

"सुतकात कुणीच देत नाही. तळण नाही, फोडणी नाही."

"त्यांना पिठलं खाऊन कंटाळा आला असेल," विहंग म्हणाला. "चोरून केली असेल."

"असेल. हे वाटलेलं आहे, ते बाजूला ठेव. ऐक."

ठक. ठक. ठक.

"ये तो गजक की कुटाई है," सौरव म्हणाला. "समोर बळवंतरावांचा कारखाना आहे ना."

"डोळे मिट. गजक कुटतात तेव्हा दोन माणसं समोरासमोर असतात. एकाचा मोगरा, म्हणजे लाकडी हातोडा, खाली, एकाचा वर. आपण टिपलंय ते मागच्या महिन्यात. इथं दोन आहेत का?"

सौरवनं डोळे मिटले. "एकच आहे. आणि अगदी जवळ. खलबत्ता?"

"खलबत्ता. फोडणी दिल्यावर खलबत्त्यात काय कुटतात?"

मसाला कुटतात तो आधी. पानात वाढायचं अन्न कुणी कुटत नाही, खाणाऱ्याच्या तोंडात दात असेपर्यंत.

तिसरा आवाज लहानच होता. स्टीलच्या डब्याचे कप्पे एकावर एक बसले, आणि वरची कडी खट्कन लागली. मग फाटक, मग स्कूटर, ती लांब लांब जाईपर्यंत.

श्रुतीनं रेकॉर्डर थांबवला.

"ताई, सुतकाच्या घरात डबा येतो," ती हळूच म्हणाली. "आपण नेला, सगळ्यांनी नेला. त्या घरातून डबा जात नाही. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नाही."

"हो, बाळा. परकं कुणी घेणार नाही. घरचंच माणूस घेईल. घरात माणसं किती?"

"राघवकाका आणि काकू. दोघं घरातच जेवतात. त्यांना दातही आहेत. म्हणजे आजोबा..."

"काय ऐकलं तेवढंच सांग."

"आजोबांचं जेवण ऐकलं," श्रुती म्हणाली.

४. गजकवाला

सौरवनं लगेच फोन काढला. "ठाण्यात सांगायचं?" मग तोच थांबला. "पण सांगायचं काय? मरे हुए आदमी की गुमशुदगी कैसे लिखवाएंगे?"

सुधाताई गजक घ्यायच्या निमित्तानं बळवंतरावांच्या दुकानात गेल्या. आत दोन कारागीर गूळ-तिळाचा गोळा कुटत होते. ठक-ठक, ठक-ठक. बळवंतरावांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते, आणि ते बसायचेही घोड्यावर बसल्यासारखे, स्टुलाच्या दोन बाजूंना पाय टाकून.

"बळवंतराव, राघवचं टेंट हाऊस सध्या कसं चाललंय?"

"चालेल कसं? पौष आहे. इकडचे लोक खरमास म्हणतात, लग्न नाही की बारसं नाही. गाद्या, शामियाने, खुर्च्या, सगळं हजीऱ्याच्या गोदामात बंद. मजूर गावी गेले."

"तरी राघव स्कूटर काढून जातो म्हणे. तिकडंच का?"

"रोज दुपारी. मी म्हटलं, अरे तू क्रियेला बसलेला माणूस, घर सोडून हिंडतोस काय? तर म्हणतो, चूहे हो गए हैं, गाद्या कुरतडतात." बळवंतराव हसले. "मी म्हटलं, उंदरांना डबा घेऊन जातोस का?"

"तुम्ही डबा पाहिला?"

"पिशवीत होता. का हो?" त्यांचं हसू मावळलं. "ताई, का विचारताय?"

सुधाताईंनी उलट विचारलं, "गोदाम कधी उघडेल?"

"संक्रांत झाली की लगनसरा. उद्या संक्रांत. उद्या संध्याकाळी मजूर येतील, परवा गाद्या उन्हात पडतील."

म्हणजे उद्या संध्याकाळच्या आत गोदाम रिकामं व्हायला हवं होतं. एका पुतण्यानं काकाला कागदाशिवाय, प्रेताशिवाय मारलं होतं. गाव रडून मोकळं झालं होतं. आता तो म्हातारा खरोखर मेला, तरी कुणी चौकशी करणार नव्हतं. त्याच्यासाठी रडायचं होतं ते सगळे रडून झाले होते.

कारागिरांचे मोगरे थांबले होते. ते ऐकत होते.

"बळवंतराव," सुधाताई म्हणाल्या, "तुमची गाडी काढा."

५. शटर

हजीऱ्याच्या बाजारामागं बंद गिरणीची भिंत लागते, आणि त्या भिंतीला लागून गोदामांची रांग. भर दुपार होती, पण धुक्यानं दिवस राखाडी करून टाकला होता. वाटेत सौरव आणि श्रुतीला बरोबर घेतलं होतं, पण श्रुतीला गाडीतच बसायला सांगितलं होतं. सौरवनं शटरवर थाप मारली. लोखंड झणझणलं आणि गप्प झालं.

"कृष्णराव," सुधाताईंनी हाक मारली. "मी सुधा. आत आहात का?"

काही नाही.

"काका, ओ काका," बळवंतरावांनी आपल्या फौजी आवाजात हाक दिली. भिंतीवरचं कबुतर उडालं. आतून श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

सौरव कुजबुजला, "ताई, आपण चुकलो असू तर?"

सुधाताईंनाही तीच भीती होती. आणि तिच्याहून मोठी दुसरी: आपण बरोबर असू, पण उशीर झाला असेल तर?

तेवढ्यात त्यांच्या कोपराला काहीतरी लागलं. श्रुती गाडीतून उतरून आली होती. ती शटरच्या फटीशी खाली वाकली, आणि तिनं जीभ टाळ्याला लावून टाप काढली. दुडकी. टक्‌टक्, टक्‌टक्, टक्‌टक्. मग थांबली.

धुक्यात कुठंतरी सायकलची घंटी वाजली. रस्त्यावरून हातगाडी गेली.

आणि आतून, अगदी हळू, उत्तर आलं. चढावरची. दमलेल्या घोड्याची.

बळवंतरावांनी शटरचं कुलूप ओढून पाहिलं.

"आजोबा, मी श्रुती," ती फटीत तोंड घालून म्हणाली. "बोला ना."

"हळू बोल गं पोरी," आतला आवाज थरथरत होता. "बाहेर दंगल आहे. राघव म्हणालाय, आवाज केला तर जाळून टाकतील. तू इथं कशाला आलीस? घरी जा."

मागं स्कूटर येऊन थांबली. राघव उतरला. त्यानं आधी बळवंतरावांना पाहिलं, मग श्रुतीला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

"काय चाललंय ताई? माझ्या गोदामाशी?"

"राघव, पिशवीत काय आहे?"

"माझं जेवण."

"सुतकाच्या घरातून डबा निघत नाही, राघव. आणि तुझं अन्न वनमाला खलबत्त्यात कुटत नाही."

तो काहीतरी बोलणार होता. पण शटरच्या आतून पुन्हा टाप आली, या वेळी जरा जोरात, आणि राघवनं पिशवी खाली ठेवली. बळवंतरावांनी हात पुढं केला. "किल्ली," एवढंच म्हणाले.

कृष्णराव गाद्यांच्या थप्प्यांच्या मधे बसले होते. अंगावर तीन रजया, दाढी वाढलेली, एका हाताला गार पडलेला पाण्याचा तांब्या. उजेडानं त्यांनी डोळे मिटले. श्रुती त्यांच्याजवळ गेली तेव्हा त्यांनी आधी तिची कानटोपी नीट केली.

"दंगल मिटली?" त्यांनी विचारलं.

"मिटली," सुधाताई म्हणाल्या. मग कृष्णरावांना उठायला हात दिला.

६. चिठ्ठी

ठाण्यातली माणसं राघवला घेऊन गेली. प्रयागला काका-पुतणे कधी गेलेच नव्हते. पहाटे स्टेशनवर जायला निघाले आणि स्टेशनऐवजी हजीऱ्याला पोचले. काकांच्या खिशात रेकॉर्डर सापडला तेव्हा त्यात काय बोलून ठेवलंय हे राघवला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं सगळंच पुसलं. संक्रांतीच्या दुपारी काकांना लांबच्या गाडीत बसवून द्यायचं, जिथं कुणी मराठी समजणार नाही अशा गावी उतरवायचं, असा त्याचा बेत होता. म्हाताऱ्याचं बोलणंच कुणाला कळलं नाही तर त्याचं गाव तरी कसं कळणार?

संध्याकाळी सुधाताई मुलांसह गोठीतल्या घरी बसल्या होत्या. कृष्णराव वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळून डुलकी घेत होते. वनमाला दाराशी जमिनीवर बसली होती.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलं, काकू?" विहंगनं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, आणि सुधाताईंनी त्याला अडवलं नाही.

"हे म्हणाले होते, तू तोंड उघडलंस तर मी सांगितलेलं खरं करून टाकीन." वनमाला फरशीकडे बघत होती. "तोंड नाही उघडलं. पण जिवंत माणसाचं सुतक पाळायचं तरी कसं, ताई? आपण पाळलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं आमची आई म्हणायची. म्हणून रोज दार लावून फोडणी द्यायची मी. उदबत्ती लावायची, वास लपावा म्हणून. ह्यांना वाटायचं काकांना चव लागावी म्हणून देते."

"आणि यंत्र ओट्यावर कुणी नेलं?" सुधाताईंनी विचारलं.

वनमालानं श्रुतीकडे पाहिलं. "तूच म्हणालीस ना, लाल दिवा असला की ऐकतं."

विहंग उठला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. मग त्यानं सौरवकडे पाहिलं. "सॉरी, भैया."

"चल, चिठ्ठी लिही," सौरव म्हणाला. "बिना चिठ्ठी के रेकॉर्डिंग नहीं रखते."

विहंगनं कागद घेतला. कसला आवाज, कुठला, कधीचा. त्यानं बराच विचार केला आणि लिहिलं. श्रुतीनं ते मोठ्यानं वाचलं:

"फोडणी. चिटणिसांची गोठ, लष्कर. पौष महिना. घरात सुतक नव्हतं."

खुर्चीतल्या कृष्णरावांनी डोळे उघडले. "वनमाला," ते म्हणाले, "भूक लागली गं."

ती उठली. आत जाताना स्वयंपाकघराचं दार तिनं सताड उघडं ठेवलं.